राउटररावांची तहहयात सनद खालसा झाली, त्याची हकीकत

धाकट्या सरकारांचे हुजुरास सेवक विनंती करितो ऐसी जे: आपण आज्ञा केली की, मागील महिन्यातील रविवारी दोन प्रहरी घरात जे घडले ते काहीएक न फुगवता, जैसे घडले तैसे कागदावर उतरून ठेवावे, म्हणजे पुढे कोणी चार पाहुण्यांत बसून भलतेच सांगू लागल्यास दाखवावयास बरे. आज्ञा शिरसावंद्य मानून, साक्षीदारांस विचारून, घड्याळाचे काटे ताडून ही हकीकत लिहिली आहे. फुगवणे सेवकाच्या स्वभावातच नाही, हे हुजुरास विदित आहे. तरी अधिकउणे आढळल्यास न हसता वाचावे.

राजश्री राउटरराव म्हणून एक थोर पुरुष, वय वर्षे बावन्न, एका कचेरीत संगणकांच्या जाळ्याचे कारभारी होते. तीन मजले, दोनशे चाळीस माणसे, तितकीच यंत्रे, आणि ती यंत्रे एकमेकांशी व बाहेरच्या जगाशी बोलती ठेवणे हा त्यांचा जिम्मा. राउटर म्हणजे जाळ्याच्या वेशीवर दिवे लुकलुकवीत बसलेली डबी. आत कोण येईल, बाहेर कोण जाईल, हे ती ठरविते. तिजवर रावांचा जीव, सबब सहकाऱ्यांनी थट्टेने हे नाव ठेविले आणि रावांनी ते किताबाप्रमाणे मिरविले. तिसऱ्या मजल्याच्या टोकास सर्व्हरची खोली होती, तेथे बारमास थंडी, आणि त्या खोलीची किल्ली रावांच्या कमरपट्ट्यास लटके. ती चालताना वाजे, आणि मग राव येतात हे जिन्यावरच्या लोकांस आधी कळे व पडद्यावरचे क्रिकेट बंद होई. युद्धशास्त्रातील त्यांचा सिद्धान्त एकच होता: आधी केबल बघा. टपाल येत नाही, आधी केबल बघा. छपाईयंत्र कागद खाते, आधी केबल बघा. दहांत सहा वेळा दोष केबलचाच निघे, आणि उरलेल्या चार वेळा राव हाताखालच्या क्लाउडबाईंकडे बघत. या क्लाउडबाई वय वर्षे सव्वीस, अकरा परीक्षा उत्तीर्ण, स्वभावे गरीब, आणि हे अकरा कोणास न सांगणाऱ्या.

रावांची परीक्षा मात्र एकच, आणि ती सर्वांस ठाऊक. एकोणीस वर्षांपूर्वी थोर परीक्षामंडळाने जाळेविद्येत प्रवीण म्हणून त्यांस सनद बहाल केली होती, तीवर सोनेरी अक्षरांत 'तहहयात' ऐसे छापले होते. रावांनी ती काचेच्या चौकटीत घालून बाहेरच्या खोलीत, दारातून पाऊल टाकताच नजर पडेल ऐशा ठिकाणी टांगली. पाहुणा आला की पाणी मागाहून, सनद आधी. तिचा बारा अक्षरांचा क्रमांक राव डोळे मिटून म्हणून दाखवीत, आणि सौभाग्यवती त्या वेळी आत जाऊन उगाच डबे पुसत.

ऐसे सर्व यथास्थित चालले असता, परीक्षामंडळाच्या दरबारात मोठी उलथापालथ जाहली. विद्या बदलली, यंत्रे ढगात गेली, जुने शिकलेले पुरेनासे झाले, ऐसी मसलत करून मंडळाने तमाम मुलखात फर्मान सोडिले की, तहहयात म्हणून दिलेल्या सर्व सनदा येत्या तिमाहीअखेर खालसा जाणाव्या. ज्यास सनद पाहिजे त्याने नव्याने परीक्षेस रुजू व्हावे. नवी सनद तीन वर्षे चालेल, पुढे पुन्हा परीक्षा. हा खलिता रावांकडे वेळेवर रवाना जाहला होता. परंतु टपालात 'सनद', 'मुदत' आणि 'त्वरा करा' हे तीन शब्द एकत्र दिसले की ते टपाल उकिरड्यात टाकावे, ऐसा पहारा खुद्द रावांनीच बसविला होता. पहारा चोख होता. खलिता दहा आठवडे उकिरड्यात पडून राहिला, आणि क्लाउडबाईंनी एक दिवस चहाच्या वेळी सहज विचारले, तेव्हा वाचा फुटली.

"सर, तुमची परीक्षा कधी आहे?"

"कसली परीक्षा? आपली तहहयात आहे."

बाईंनी फोनवर फर्मान उघडून पुढे केले. रावांनी ते वाचले आणि चष्मा पुसून पुन्हा वाचले, आणि मग म्हणाले की, हे केबलचे काही नाही ना. मुदतीस एकवीस दिवस उरले होते.

त्याच दिवशी सायंकाळी कचेरीच्या व्यवस्थापकसाहेबांचा हुकूम आला की, ज्यांची सनद तिमाहीअखेर जिवंत नसेल त्यांणी सर्व्हरखोलीची किल्ली क्लाउडबाईंचे हवाली करावी आणि स्वतः तळमजल्यावर मदतकक्षात बसून, लोकांचे विसरलेले पासवर्ड बदलून द्यावे. येथे बखरकाराने खरे लिहिणे भाग आहे. राव भ्याले. मदतकक्षाची खुर्ची जिन्यासमोर होती, येणारेजाणारे सर्व तिजकडे पाहात जात, आणि एकोणीस वर्षे ज्यांस त्यांणी 'आधी केबल बघा' म्हणून परत धाडिले ते सर्व उद्या तेथे रांगेत उभे राहणार होते. त्या दिवशी घरी जाताना राव किल्ली मुठीत धरून चालले, वाजू दिली नाही.

मग मोहिमेची तयारी सुरू झाली. राव पहाटे उठत, ग्रंथ उघडीत, आणि तिसऱ्या पानावर डुलकी घेत. अर्धा ग्रंथ त्यांस नवा होता. जी यंत्रे हाताने उचलावी, पुसावी, प्रसंगी चापट मारून सुरू करावी, ती आता कोठे असतात हेच ग्रंथ सांगेना. नुसती असतात म्हणे. दुपारच्या सुट्टीत क्लाउडबाई डबा खाता खाता त्यांस सराव देत. ज्यांस किल्ली मिळावयाची त्यांणीच ती न मिळावी म्हणून खपावे, ही गोष्ट रावांच्या ध्यानात पाचव्या दिवशी आली. बाईंनी एकच उपदेश वारंवार केला. "सर, केबल सोडा. आधी सेटिंग बघा. माणसानं स्वतःच काहीतरी करून ठेवलेलं असतं आणि विसरलेला असतो." राव मान डोलवीत आणि सरावाच्या कागदावर केबलवरच खूण करीत.

परीक्षा घरी बसून, कॅमेऱ्यासमोर द्यावयाची होती, आणि मोकळी वेळ एकच उरली होती, रविवारी सकाळी अकरा ते एक. राव म्हणाले, उत्तम. त्यांणी घरात फर्मान जाहीर केले ते ऐसे: बाहेरची खोली रणभूमी जाणावी. दाराची कडी आतून राहील. आतून खोकला, हाक, अथवा खुर्ची पडल्याचा आवाज आला तरी कोणी दार वाजवू नये. दुसऱ्या माणसाचा आवाज कॅमेऱ्याने ऐकला की परीक्षा बाद. सौभाग्यवतींनी विचारले, "आणि चक्कर आली तर?" राव म्हणाले, "एक वाजता या."

आयत्या वेळी एक संकट उभे राहिले. परीक्षेचा प्रोग्राम रावांच्या लॅपटॉपवर चढेना. परका प्रोग्राम या यंत्रात शिरू नये, ऐसा बंदोबस्त कचेरीच्या वतीने रावांनीच केला होता आणि तो काढावयास कचेरीत जावे लागते. सौभाग्यवती शाळेत भूगोल शिकवीत; त्यांचा लॅपटॉप मुलांच्या गुणपत्रिकांनी भरलेला होता, तो त्यांणी पुढे सरकविला. प्रोग्राम चढला. राव म्हणाले, काय फरक पडतो, लॅपटॉप तो लॅपटॉप. हे वाक्य वाचकाने ध्यानात ठेवावे.

साडेदहास कोण्या दूरदेशीच्या निरीक्षकाने कॅमेऱ्यातून खोलीची झडती घेतली. पडद्यावर अक्षरे उमटत, तैसे राव करीत. टेबलाखाली दाखवा, दाखविले. बाह्या वर करा, केल्या. मग हुकूम उमटला की, मागील भिंतीवर मजकूर असलेला कागद आहे, तो संशयास्पद आहे, खोलीबाहेर घालवावा. राव वळून पाहतात तो सनद. परीक्षामंडळाच्या निरीक्षकास परीक्षामंडळाचीच सनद संशयास्पद वाटावी, या गोष्टीने त्यांस मोठा धक्का बसला, परंतु वाद घालावयास वेळ नव्हता. त्यांणी चौकट खिळ्यावरून उतरविली, दार किलकिले करून धाकट्या सरकारांच्या हाती दिली आणि कडी घातली. धाकट्या सरकार म्हणजे रावांची कन्या, वय वर्षे सोळा. त्यांणी चौकट पोटाशी धरली आणि आत गेल्या.

अकरास रणशिंग फुंकले गेले. साठ प्रश्न होते, हजारांत सातशे गुण मिळविणारा विजयी. पहिल्या वीस प्रश्नांत रावांनी बरीच मर्दुमकी केली, पुढील वीसांत जखमा घेतल्या, आणि बारास एक मिनिट कमी असता एकेचाळिसावा प्रश्न समोर उभा राहिला तो ऐसा: एका ठिकाणी जाळे दर आठवड्यास एकाच वारी, एकाच वेळी बंद पडते आणि दोन तासांनी आपोआप सुरू होते, तर प्रथम काय तपासावे? खाली चार उत्तरे होती आणि पहिलेच होते 'केबल'. रावांचा चेहरा उजळला. जुना मित्र गर्दीत भेटावा तैसे झाले. त्यांणी केबलवर खूण केली, आणि 'पुढे' हे बटण दाबण्यास बोट उचलले, आणि घड्याळात बारा वाजले, आणि जाळे बंद पडले.

पडदा गोठला. वर तांबडी पट्टी आली: जोडणी तुटली आहे, पंधरा मिनिटांत पूर्ववत न झाल्यास परीक्षा रद्द समजावी, जागा सोडू नये, बोलू नये, नजर पडद्यावरून हलवू नये. कॅमेऱ्याचा हिरवा दिवा जळतच होता. पट्टीत मिनिटे उलटी धावू लागली.

रावांनी प्रथम काय केले? नजर न हलविता, पायाच्या अंगठ्याने टेबलाखालची केबल चाचपून पाहिली. केबल घट्ट होती. मग त्यांणी गोठलेला प्रश्न पुन्हा वाचला. एकाच वारी. एकाच वेळी. दोन तासांनी आपोआप. आणि रविवार. आणि बारा. मग पायाखालची फरशी सरकली.

दोन वर्षांपूर्वी खुद्द रावांनीच घरच्या राउटरवर कायदा बसविला होता की, रविवारी बारा ते दोन घरातील तमाम यंत्रांचे जाळे बंद राहील. सर्वांनी एकत्र जेवावे, कोणी ताटाशेजारी पडदा ठेवू नये. या कायद्यातून त्यांणी एकच यंत्र वगळले होते, स्वतःचा लॅपटॉप, कारण तो कामाचा. सबब दोन वर्षे रविवारी बारा वाजता घरात काही बंद पडते, हे सर्वांस ठाऊक होते, एका रावांस सोडून. आज ते सौभाग्यवतींच्या लॅपटॉपवर बसले होते आणि कायदा त्यांस प्रथमच लागू झाला. कायदा उठवावयाचा परवलीचा शब्द त्यांणी कोणास सांगितला नव्हता. कोणी आत येऊ नये हा हुकूमही त्यांचाच. मदत मागावी तर तोंड उघडता येईना. एका माणसाने स्वतःभोवती इतका कडेकोट किल्ला बांधून, किल्ल्या बाहेर फेकून, आत उपाशी बसल्याचे दुसरे उदाहरण सेवकाच्या पाहण्यात नाही. पट्टीवर अकरा मिनिटे उरली. रावांच्या डोळ्यांपुढे मदतकक्षाची खुर्ची आली, आणि त्यांणी एकदा जोराने खोकून पाहिले.

इकडे स्वयंपाकघरात तो खोकला ऐकू गेला आणि हुकुमाप्रमाणे कोणी उठले नाही. सौभाग्यवती फोनवर बहिणीची छायाचित्रे पाहात होत्या, ती थांबली, तेव्हा त्या म्हणाल्या, "बारा वाजले वाटतं. आज एक वाजता जेवू गं, बाबा आत आहेत." धाकट्या सरकार मैत्रिणीशी फोनवर लिहून बोलत होत्या, त्यांचे बोलणे मात्र चालूच होते. त्यांणी मान वर केली.

"आई, बाबा तुझ्या लॅपटॉपवर बसलेत?"

"हो. त्यांच्या लॅपटॉपवर ते काहीतरी चढेना."

"मग त्यांचंही गेलं असणार. आत्ता, बाराला."

सौभाग्यवतींनी फोन ओट्यावर ठेविला. "अगं मग? पासवर्ड त्यांनाच माहितीये. आत जायचं नाही. आता काय करायचं?"

धाकट्या सरकारांपुढे पेच पडला. बोलावे तर दोन वर्षांचे गुपित जाते. न बोलावे तर बापाची किल्ली जाते. सेवकाने पुष्कळ लढाया कागदावर वाचल्या, परंतु यापेक्षा अवघड मसलत वाचली नाही. मग त्या म्हणाल्या, "मला माहितीये."

"तुला कोणी सांगितला?"

त्यांणी ओट्याला टेकवून ठेवलेली चौकट उचलली आणि आईकडे फिरविली. "हा बघ. बारा अक्षरं. रोज भिंतीवर लटकत असतो." आणि फोनवरून राउटरच्या दारी जाऊन, सनदेचा क्रमांक घालून, कायदा उठविला. बारा वाजून नऊ मिनिटे झाली होती.

पडदा हलला. तांबडी पट्टी गेली. निरीक्षकाची अक्षरे उमटली की, पुढे चालू द्या. एकेचाळिसावा प्रश्न समोर तसाच उभा होता आणि केबलवर खूण तशीच होती. रावांनी ती काढली. एकोणीस वर्षांचा सिद्धान्त होता. आणि तिसऱ्या उत्तरावर, 'वेळापत्रकाने लावलेले नियम', येथे खूण करून ते पुढे गेले. पुढील एकोणीस प्रश्नांत जेथे जेथे केबल दिसली तेथे ते आधी दुसरे काही आहे का ते पाहू लागले. एक वाजता रण थांबले आणि निकाल तत्क्षणी उमटला: सातशे पाच. फत्ते जाहली.

आता हुजुरास ठाऊक असलेली, परंतु लिहिणे कठीण अशी गोष्ट. राव दार उघडून बाहेर आले ते छाती काढून. म्हणाले, "मध्ये नेट गेलं होतं. आपोआप आलं. नीट कॉन्फिगर केलेलं असलं की येतं." सौभाग्यवतींनी धाकट्या सरकारांकडे पाहिले, आणि त्यांणी वरणात डाव फिरविला. त्या दिवशी सांगावयाचे नाही, जिंकू द्यावे, ऐसा त्यांचा न बोलता तह झाला होता, हे सेवकास मागाहून कळले.

परंतु राव पडले जाळ्याचे कारभारी. जेवणाआधी ते आपला लॅपटॉप घेऊन, पराक्रमाची नोंद पाहावी म्हणून राउटर उघडून बसले. पाहतात तो कायदा कोणी हाताने उठविलेला. आणि त्याखाली, कायद्यातून वगळलेल्या यंत्रांच्या यादीत, जेथे एकच नाव असावयाचे, तेथे दोन. पहिला रावांचा लॅपटॉप. दुसरा धाकट्या सरकारांचा फोन, तारीख दोन वर्षांपूर्वीची, कायदा बसल्यानंतर तिसऱ्या दिवसाची. ज्या पहारेकऱ्याने दोनशे चाळीस माणसांची वेस राखिली, त्याच्या घरची वेस तिसऱ्या दिवशी पडली होती आणि त्याने दोन वर्षे यादी उघडून पाहिली नव्हती.

"पासवर्ड तुला कधी कळला?"

"तिसऱ्या दिवशी. बाबा, तो तुम्ही पाहुण्यांना म्हणून दाखवता."

"मग मला सांगायचं नाही? कायदा मोडायचा गुपचूप?"

धाकट्या सरकारांनी ताटाशेजारी पाहिले. तेथे रावांचा लॅपटॉप उघडाच होता, दर रविवारी असे तैसा. "एकत्र जेवायचं म्हणून नेट बंद केलंत ना? मग तुम्ही कोणाबरोबर जेवत होता?"

ज्या तोंडाने सातशे पाच सांगावयाचे ते तोंड मिटले, आणि रावांस लाज वाटली, खरी वाटली. क्लाउडबाईंचे शब्द त्यांस आठवले, की माणसानं स्वतःच काहीतरी करून ठेवलेलं असतं. मग त्यांणी लॅपटॉप मिटला आणि पलीकडे कपाटावर ठेविला आणि भात वाढून घेतला.

दुसरे दिवशी कचेरीत त्यांणी सर्व्हरखोलीच्या किल्लीची दुसरी प्रत करवून क्लाउडबाईंचे हाती दिली. बाई म्हणाल्या, "सर, तुम्ही तर पास झालात." राव म्हणाले, "म्हणूनच देतोय." घरच्या राउटरचा कारभार त्यांणी धाकट्या सरकारांचे नावे करून दिला. सरकारांनी त्याच दिवशी परवलीचा शब्द बदलला आणि तो कोणास सांगितला नाही. रविवारचा कायदा कायम ठेविला, मात्र वगळलेल्या यंत्रांची यादी कोरी केली, आपला फोनही त्यांणी त्यातून काढून टाकला. नवी सनद टपालाने आली, तीन वर्षांची. सौभाग्यवतींनी विचारले, "खिळा रिकामा आहे, टांगायची का?" राव म्हणाले, नको, फडताळात असू दे. जुनी चौकट अद्याप ओट्यापाशीच उभी आहे, तीस कोणी हलवीत नाही.

येणेप्रमाणे सनदेची मोहीम फत्ते जाहली. शत्रूकडील साठ प्रश्न. आपणाकडील एक सिद्धान्त, एक कायदा आणि एक बढाई कामी आली. विजयाचे मानकरी म्हणून धाकट्या सरकारांचे नाव दप्तरी दाखल केले आहे, ते कोणी पुसू नये.

हे लेखन कोणी केले म्हणाल, तर हुजुरांनी ओळखलेच आहे. सेवक राउटरराव, स्वदस्तूर. बखर लॅपटॉपवर, जाळ्यावरच्या वहीत लिहीत होतो, ती येथवर आली आणि जतन होते न होते तो पडदा गोठला. सवयीने खाली वाकून आधी केबल बघितली. घट्ट होती. मग घड्याळ पाहिले, रविवार, बारा. शेवटचा हा मजकूर सबब सरावाच्या कागदामागे शाईने लिहिला आहे. परवलीचा शब्द मागून पाहिला, मिळाला नाही. ताटे मांडली आहेत, हाक एकदा आली आहे, दुसरी येऊ देऊ नये. कलम ठेविले.